गोठ्यातली लुना

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी ती असते. कुणाकडे जिन्याखाली, कुणाकडे परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, कुणाकडे गोठ्यात. रंग उडालेला, चाकं जमिनीला टेकलेली, सीटमधून स्पंज बाहेर आलेला, हँडलला कुणीतरी जुनं पोतं अडकवलेलं. जाता-येता तिच्या पायडलला साडीचा काठ अडकतो आणि 'एकदाची भंगारात देऊन टाका हो ही' असं पुटपुटत आपण पुढच्या कामाला लागतो. मी लुनाबद्दल बोलतेय, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आमची लुना गोठ्यात होती, तुराट्यांच्या भाऱ्याआड. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९९७ साली ती घेतली तेव्हा वाशीम जिल्हा झालेलाच नव्हता. तो झाला १ जुलै १९९८ ला. आमचं रिठद तेव्हा अकोला जिल्ह्यात, म्हणून गाडीचा नंबर अकोल्याचा, एमएच ३०. आता आमच्याकडच्या गाड्यांना ३७ असतो. तो नंबर पाहून माझी मुलगी एकदा म्हणाली, "आई, ही पाहुणी गाडी आहे का गं?" पाहुणी कसली! ह्या घरात माझ्याही आधी आलेली ती.

मामाजींनी तिच्यावरून काय काय आणलं असेल! खताची पोती, दुधाचे कॅन, माझ्या नणंदेला परीक्षेच्या केंद्रावर, आणि एकदा म्हणे कॅरिअरला बांधून भुईमुगाच्या शेंगांसकट एक बकरीसुद्धा. २०२२ च्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. लुना गोठ्यात गेली ती गेलीच. पुढच्या पावसाळ्यात मामाजीही गेले. मग तिच्यावर तुराट्या रचल्या गेल्या, सीटखाली उंदरांनी घर केलं, आणि तिच्याकडे बघायचंच नाही असा जणू घरातल्या सगळ्यांनी न बोलता ठराव केला.

आता मला ती का आठवली, ते सांगते. मी बी. ए. आहे. घरापासून सात किलोमीटरवरच्या एका खाजगी शाळेत तासिकांवर मराठी आणि इतिहास शिकवते. महिन्याला पाच हजार रुपये मिळतात. रक्कम ऐकून हसू नका, त्यात मुलीची शिकवणी, माझी औषधं आणि अडीअडचण निघते. आणि खरं सांगू, दिवसातले ते तीन तास मी कुणाची सून, कुणाची आई नसते, नुसती 'बाई' असते. तासिका दुपारच्या होत्या तोवर एसटीवर भागत होतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आधार मोठा. पण तिकीट अर्धं असलं तरी गाडी पुरती यावी लागते ना! २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, दुसऱ्या सत्रापासून तुमचे तास सकाळी साडेदहाला. जमत असेल तर सांगा, नाहीतर दुसऱ्या बाई बघाव्या लागतील. ते काही चुकीचं बोलले नाहीत. शाळेला वेळेवर येणारी बाई हवी. आणि त्या वेळेला आमच्याकडून त्या बाजूला जाणारी बस नाही.

ह्यांच्याजवळ मोटारसायकल आहे. पण रब्बीची पेरणी, ओलिताची पाळी, रात्री-अपरात्री येणारी वीज, ह्यातून रोज मला सोडायला आणि आणायला माणूस कुठून येणार? काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही. नवी स्कूटर घ्यायची तर लाखाच्या घरात. हे म्हणाले, "हप्त्यावर घेऊ ना. कायले चिंता करते?" मी कागदावर हिशेब मांडला. हप्ता तीन हजारांच्या आसपास, वर पेट्रोल. मग मी शिकवायला जायचं ते हप्ता भरण्यासाठीच, नाही का?

अशात दिवाळीची आवराआवर निघाली आणि भंगारवाला दारात आला. लुनाचे त्याने दीड हजार सांगितले. ह्यांनी हो म्हटलं, दिरांनीही फोनवरून हो म्हटलं. त्याने तुराट्या बाजूला केल्या, लुनाला ओढून अंगणात आणलं. सासूबाई ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "राहू द्या बापा ते. कोनाची भाकर खाऊन राह्यली का ते गाडी?" भंगारवाला गेला. गाडी अंगणातच राहिली. त्या रात्री भांडी घासताना माझ्या मनात आलं, एवीतेवी बाहेर आलीच आहे, तर बघावी का?

पैशांचं म्हणाल, तर जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार माझ्या खात्यात येत होते. दिवाळीपर्यंत पाच महिन्यांचे साडेसात हजार झाले. मी मनाशी ठरवलं, ह्या साडेसात हजारांत जे होईल ते होईल, वर एक रुपया घालायचा नाही. नाहीच झालं तर भंगारवाला काय, पुन्हा येणारच आहे. हे म्हणाले, "त्या डबड्यात पैसे घालण्यापेक्षा शिलाई मशीन घे." शिलाई मशीन मला सात किलोमीटर घेऊन जाणार होती का?

जुनी गाडी दुरुस्त करायची तर आधी इंजिन पाहावं असं सगळे म्हणतात. माझं मत वेगळं आहे. आधी कागद पाहावेत. आरसी बुक हरवलेलं असेल, मालक कोण ते सांगता येत नसेल, तर सोन्याचं इंजिनही कामाचं नाही. मी सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी लोखंडी पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली. आरसी बुक, जुने विमे, १९९७ ची खरेदीची पावतीसुद्धा! खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मामाजींनी २०१२, २०१७ आणि २०२२ अशी तिन्ही वेळा ते करून घेतलं होतं. म्हणजे २०२७ पर्यंत चिंता नव्हती. किती व्यवस्थित माणूस तो! पावतीच्या मागे त्यांच्या हातचा हिशेबही होता, कोणत्या महिन्यात किती लिटर आणि किती तेल. मी तो पुष्कळ वेळ वाचत बसले.

आता मुख्य काम. ह्यातलं निम्मं तुम्ही-आम्ही रोज स्वयंपाकघरात करतोच, फक्त नाव वेगळं. टाकीचंच घ्या. आत गंज चढलेला, खाली शिळ्या पेट्रोलचा चिकट राब. शिळं पेट्रोल उघड्यावर, चुलीपासून लांब काढलं आणि टाकी दोन दिवस उघडी ठेवून वाफ जाऊ दिली. (हे फार महत्त्वाचं, मैत्रिणींनो. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा वाईट. जवळ काडी ओढायची नाही, देवापुढची उदबत्तीसुद्धा नाही.) मग मूठभर जुने नट-बोल्ट आणि साबणाचं पाणी घालून माझ्या मुलीने आणि मी आळीपाळीने ती घुसळली, ताक करावं तशी. नंतर गरम पाण्यात लिंबूसत्व, हो, तेच, ढोकळ्यात घालतो ते, विरघळवून टाकी काठोकाठ भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी पाणी चहासारखं लाल आणि आतला पत्रा उजळलेला. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, म्हणजे आंबटपणा मरतो, उन्हात खडखडीत वाळवली आणि चमचाभर तेल आत फिरवलं. हे शेवटचं केलं नाही तर दुपारपर्यंत पुन्हा गंज धरतो. हँडलच्या गंजावर पोळी गुंडाळायचा चांदीचा कागद चुरगाळून पाण्यात भिजवला आणि घासला. निघतो हो! साखळी दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवली आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने कडी-कडी साफ केली.

टाकी अशी अंगणात पालथी पडलेली असतानाच कॅनडातल्या मावसभावाचा दिवाळीचा व्हिडिओ कॉल आला. ते सगळं बघून तो हसतच सुटला. म्हणाला, इथे माझ्या शेजारचा म्हातारा हेच करत बसलाय, फक्त त्याची गाडी बर्फावरची आहे. पुढे चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या, मागे फिरणारा रबरी पट्टा. तिकडे लोक अशा टाकलेल्या गाड्या स्वस्तात घेतात आणि हिवाळ्याआधी हौसेने चालू करतात. त्यांतल्या पुष्कळ जुन्या गाड्यांना आपल्या लुनासारखंच तेल मिसळलेलं पेट्रोल लागतं. मला वाटलं श्रीमंतांचे खेळ. पण ह्या गाड्यांमागची एक गोष्ट मी वाचली आणि गप्प झाले. क्विबेक प्रांतातल्या वाल्कूर गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा मेकॅनिक राहायचा. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्स फुटून गेला, कारण बर्फाने रस्ते बंद होते आणि त्याला दवाखान्यात नेता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या खटपटीत तो आधीपासूनच होता. १९३७ मध्ये त्याच्या पट्ट्याच्या चाकाला पेटंट मिळालं आणि १९५९ मध्ये एका-दोघांनी बसायची त्याची 'स्की-डू' ही छोटी गाडी बाजारात आली. पावसाळ्यात नाल्याला पूर आला म्हणून अडकलेली बाळंतीण आपल्यापैकी कुणी पाहिली असेल, तर तिला ह्या माणसाची तळमळ वेगळी समजावून सांगायला नको.

लुनाची कुळकथाही काही कमी नाही. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती आणली, इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या 'चाओ' ह्या मोपेडवरून. कारखाना अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे तो तो काळ. सायकल परवडणाऱ्या माणसाला सायकलच्या पुढची पायरी मिळाली ती ह्या पन्नास सीसीच्या गाडीमुळे. गिअर नाही, क्लच दाबायचा नाही, वजन हलकं, आणि पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी. म्हणूनच तर पोस्टमन, दूधवाले, विमा एजंट आणि तालुक्याच्या गावच्या शिक्षिका, नर्स, सगळ्यांनी ती घेतली. जाहिरातीतली ती ओळ तर तुमच्या तोंडात अजून असेल. आता २०२४ पासून विजेवरची ई-लुनाही निघाली आहे, सत्तर हजारांच्या आसपास. पण माझं बजेट तुम्हाला ठाऊक आहे.

तर इंजिन. पायडल फिरतच नव्हतं. म्हणजे पिस्टन अडकलेला. प्लग काढून त्या भोकात थोडं डिझेल आणि तेल सोडलं नि दोन रात्री तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी चाक हातांनी मागे-पुढे करताना 'कट्' असा आवाज आला आणि पिस्टन सुटला. मला भजी फुगल्यासारखा आनंद झाला! पण पुढचं काम घरचं नव्हे. शेजाऱ्यांचा छोटा हत्ती सोयाबीन घेऊन वाशीमला बाजार समितीत निघाला होता, त्यातल्या पोत्यांवर लुना चढवली, मी पुढे बसले. भाडं फुकट.

पहिल्या गॅरेजवाल्या पोराने लांबूनच हात झाडले, "ताई, ह्याचे पार्ट भेटत नाहीत." दुसऱ्याने तेच सांगितलं. तिसरे एक वयस्क मिस्त्री निघाले. त्यांनी लुनाभोवती एक चक्कर मारली, पायडल हाताने फिरवून कान लावला आणि म्हणाले, "कोन म्हनते पार्ट भेटत नाई? शोधनारा भेटत नाई." मी आधीच सांगून टाकलं, मिस्त्रीभाऊ, माझ्याजवळ साडेसात हजार आहेत, त्याच्या वर जाणार असेल तर आत्ताच सांगा. त्यांनी एका कार्डबोर्डवर खडूने आकडे मांडले. मला तो माणूस तिथेच पटला. दुरुस्तीला जाताना हे करून पाहा. खर्चाचा आकडा आधी मागितला की जो माणूस लिहून देतो त्याच्याकडे काम द्या, जो 'बघू ना ताई' म्हणतो त्याला नमस्कार करून या.

त्यांनी मला स्टूल दिला आणि 'बसा, पाहा' म्हणाले. मी बसले आणि पाहिलं. चारचाकीच्या इंजिनात तेल वेगळं असतं. टू-स्ट्रोकमध्ये ते पेट्रोलमध्येच मिसळून जातं आणि आतल्या फिरत्या भागांना तेवढंच वंगण. तेल कमी पडलं तर पिस्टन घासून धरतो, जास्त झालं तर धूर आणि काजळी. फोडणीसारखंच आहे सगळं. लिटरला वीस मिली म्हणजे पन्नासाला एक. पण जुन्या इंजिनाला मिस्त्री तीस मिली सांगतात, आणि नवा पिस्टन बसवल्यावर पहिले काही दिवस थोडं आणखी. मामाजींच्या पावतीमागे तीसच लिहिलं होतं.

ह्याच काजळीने सायलेन्सर तुंबतो. गाडी 'ओढत नाही' म्हणून लोक इंजिनावर खर्च करतात आणि रोग असतो सायलेन्सरमध्ये. मिस्त्रींनी तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवला आणि दगडावर झटकला, तर ओंजळभर काळी भुकटी निघाली. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक सुईच्या अग्राएवढं, ते शिळ्या पेट्रोलच्या डिंकाने बंद. पण त्यात सुई किंवा तार घालू नये, भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये भिजवून हवा मारावी. पॉइंटवर पांढरट थर आला होता, तो बारीक पॉलिश पेपरने निघाला, पण कंडेन्सर मेलेला असल्याने दोन्ही बदलले. क्रँकचे ऑइल सील वाळून कडक झालेले. आणि पिस्टनच्या रिंगांनी सिलिंडरला आतून ओरखडे पाडलेले, म्हणून सिलिंडर बोअर करायला अकोल्याला लेथवर धाडावा लागला, एक नंबर मोठा पिस्टन घालून परत आला. ह्यात बारा दिवस गेले. तेवढे दिवस मी शाळेत कधी ह्यांच्या मागे बसून, कधी कुणाच्या ट्रॅक्टरवर, कधी अर्धा रस्ता चालत गेले. उशीर एकदाही होऊ दिला नाही.

तुम्हाला खर्चाचा आकडा हवा असणार. बोअर आणि पिस्टन १४५०, सील-गॅस्केट ३२०, कार्ब्युरेटरचा संच २८०, प्लग १३०, पॉइंट आणि कंडेन्सर २४०. टायर-ट्यूब दोन्ही चाकांचे २०५०. इथे मिस्त्री म्हणाले जुने टायर चालवून बघा, मी नाही म्हटलं, भेगा पडलेल्या टायरवर मी चढणार नाही. केबल ३३०, ब्रेकशू २२०. सीटचं कव्हर २८०, त्याच्या आत स्पंज म्हणून जुन्या गादीचा तुकडा मीच शिवून भरला. रंग आणि पॉलिश पेपर ४१०, रंग घरीच दिला, मामाजींच्या वेळचाच निळा. मिस्त्रींची मजुरी १५००. बेरीज ७२१०. उरलेल्या दोनशे नव्वदांतून तेलाची बाटली आणली.

गाडी घरी आली ती संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात. स्टँडवर लावून पायडल मारायला घेतलं, तर सात-आठ फेऱ्यांत फट-फट करून एकदम लागली. धूर इतका की मुलगी खोकत पळाली. सासूबाई आत देवघरात होत्या. त्या बाहेर आल्या, दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. मी इंजिन बंद करायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे थोडा वेळ. आवाज तोच हाय." मग पाच मिनिटं आम्ही कुणीच काही बोललो नाही, पेट्रोल जळत होतं तरी.

कागदाचं काम राहिलं होतं. मालक वारला की गाडी वारसाच्या नावे करावी लागते. त्याला ३१ नंबरचा अर्ज, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती. ह्यांच्या नावे करावी असं आधी ठरलं. सही द्यायला दीर पुण्याहून आले होते. सासूबाईंनी विचारलं, "माह्या नावानं होते का?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. होते की! पत्नी म्हणजे पहिली वारस. तर मैत्रिणींनो, शेत मुलांच्या नावावर आणि घर आजेसासऱ्यांच्या नावावर असलेल्या माझ्या सासूबाई सत्तराव्या वर्षी एका लुनाच्या मालकीण झाल्या. आरसीवरचं आपलं नाव त्यांनी नातीकडून दोनदा वाचून घेतलं. कागदांचा खर्च ह्यांनी केला, विमा, धुराचं पीयूसी आणि ती नवीन नंबरप्लेटही. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागते, दुचाकीला जीएसटी धरून ५३१ रुपये. माझं बिनगिअरचं लायसन्स वाशीमला झालं. शिकाऊ परवान्याची परीक्षा हल्ली आधार कार्डावर घरबसल्या देता येते, तेवढी एक खेप वाचते.

गावात बोलायचं ते बोलले. 'मास्तरीणबाई फटफटीवर' झालं, 'भंगाराची राणी' झालं. मला गंमत वाटली ती वेगळीच. आठ दिवसांत आळीतल्या दोन बायका आपापल्या घरची मोपेड घेऊन विचारायला आल्या. एकीला मी सरळ नाही सांगितलं. तिच्या गाडीच्या चेसिसला सांध्याजवळ गंजून भोक पडलं होतं. चेसिस गेलेली गाडी, कागद नसलेली गाडी आणि आतला क्रँक मोडलेली गाडी, ह्या तिघींच्या नादी लागू नका. त्यात पैसे ओतण्यापेक्षा भंगाराचे पैसे घेतलेले बरे. दुसरीचं काम आता त्याच मिस्त्रींकडे चालू आहे.

आणि लुना म्हणजे काही पुष्पक विमान नव्हे. ताशी तीस-पस्तीसच्या वर मी नेत नाही. चढावर पायडलने हात, म्हणजे पाय, द्यावा लागतो. धूर कमी झाला तरी आजच्या गाड्यांपेक्षा जास्तच, हे मला टोचतं. कधीतरी पैसे साठले की विजेची घेईन. लिटरला पन्नास किलोमीटरच्या आसपास जाते. रोजचे चौदा किलोमीटर धरले तर महिन्याला सात लिटर, तेल धरून आठशे रुपयांच्या आसपास. पाच हजारांतून आठशे मी आनंदाने देते.

एक गोष्ट मात्र नव्याने सांभाळावी लागते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या गाड्यांचं रबर लवकर खराब करतं. म्हणून पेट्रोलची नळी आणि वायसर दर सहा महिन्यांनी पाहायचे, टाकीत आठवड्यापुरतंच पेट्रोल ठेवायचं. सुट्टी लागली की पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो. पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. वरून पत्रा असावा आणि खालून वारा खेळावा. चाकं विटांवर उचलून ठेवली तर टायर बसत नाहीत.

हेल्मेट मी घालते, सात किलोमीटरलाही. आधी मुलं हसली, आता नववीतली एक मुलगी रोज शाळेच्या फाटकाशी ते धरायला उभी राहते. साडीवर चालवणाऱ्यांनी मागच्या चाकाची जाळी आधी पाहावी. आमच्या लुनाची जाळी कधीच गळून गेली होती, ती गावातल्या वेल्डिंगवाल्याने जुन्या कूलरच्या जाळीतून कापून बसवून दिली. पैसे घेतले नाहीत. त्याच्या मुलाला शुद्धलेखनात थोडं बघा म्हणाला. रविवारी सकाळी येतो तो.